प्रार्थना करूनही चिंता का जात नाही?

नाशिकजवळच्या एका बहिणीने विचारलं आहे: दिवाळीनंतर नवऱ्याची कंपनी बंद झाली. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, अजून एकही चुकलेला नाही, पण शिल्लक संपत आली आहे. मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. रोज पहाटे तीनला जाग येते. अंथरुणातच प्रार्थना करते, पण धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढते. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितलं की विश्वास कमी पडतोय. ‘चिंता करू नका’ ही प्रभूची आज्ञा आहे आणि आज्ञा मोडणं हे पाप. तर चिंता हे पाप आहे का, प्रार्थना करूनही ती का जात नाही, आणि मुलीला घरची परिस्थिती सांगावी का?

ताई, मी एका मिशन हॉस्पिटलमध्ये चॅप्लन, म्हणजे रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आध्यात्मिक धीर देणारी पाळक आहे. त्याआधी बरीच वर्षं ग्रामीण मंडळीत पाळकीय सेवा केली. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांजवळ जाऊन बसणं हे माझं रोजचं काम. त्यांत आमच्या विश्वासातले असतात, नसलेलेही असतात. त्या अनुभवातून लिहिते.

तुमचं पत्र वाचून मला वाटतं तुमच्यावर ओझी दोन आहेत. एक पैशाचं, ते खरं आहे आणि कोणालाही जड जाईल असंच आहे. दुसरं त्या मीटिंगनंतर आलेलं: ‘मला चिंता वाटते, म्हणजे देव माझ्यावर नाराज असणार.’ पहाटे तीनला तुम्ही हप्त्याची चिंता करता आणि लगेच, चिंता केली म्हणून चिंता करता. धडधड वाढते ती बहुधा या दुसऱ्या ओझ्याने. म्हणून आधी ते उतरवू या.

पण त्याआधी एक गोष्ट, कारण सगळं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही किती दिवसांपासून झोपलेल्या नाही, ते मला कळलं नाही. हे सहा महिन्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज चाललं असेल, सोबत सतत थकवा, चिडचिड, मान-खांदे आखडणं, कामात लक्ष न लागणं असेल, तर डॉक्टरला दाखवा. छातीत धडधड आणि झोप मोडणं हे थायरॉईड वाढल्यानेही होतं, आणि ते एका रक्ततपासणीत कळतं. चिंतेचा आजार हा खरा आजार आहे. त्यावर समुपदेशनाने आणि गोळ्यांनी उपचार होतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नको असं कधी मनात आलं तर सकाळची वाट न पाहता तिथे फोन करा आणि घरातल्या माणसाला उठवा. रक्तदाबाची गोळी घेताना कोणी आपल्याला विश्वास कमी आहे म्हणत नाही. ही गोळीही तशीच घ्यायची. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणून पडला, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर झालं, होरेबाच्या डोंगरावर, आणि तिथेही देवाने आधी त्यालाच बोलू दिलं.

आता पापाचा प्रश्न.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन आपण नेहमी कॅलेंडरवर एकटं वाचतो. पूर्ण अध्याय एकदा सलग वाचा. ऐकणारे कोण होते? गालीलातले कोळी, शेतकरी, रोजंदार. दिवसाला एक दिनार मजुरी मिळाली तर घर चालणार. त्यांना येशू सांगतो की काय खावे, काय पांघरावे याची चिंता करू नका. खाणं-कपडे क्षुल्लक आहेत, असं तो म्हणत नाही. तुमच्या पित्याला ठाऊक आहे की तुम्हाला याची गरज आहे, असं म्हणतो. त्याच अध्यायात थोडं वर त्याने प्रार्थना शिकवली आहे, आणि त्या प्रार्थनेत भाकर मागायची आहे, तीही आजची. शेवटी म्हणतो, ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ म्हणजे दिवसाला दुःख असतं हे तो मान्यच करतो. हे धाक घालणाऱ्याचं बोलणं नाही. भ्यालेल्या माणसांना जवळ बसवून धीर देणाऱ्याचं आहे. ‘भिऊ नको’ हे शब्द पवित्र शास्त्रात जिथे जिथे येतात तिथे ते बहुतेक वेळा आधीच भ्यालेल्या माणसाला सांगितले आहेत. घाबरल्याबद्दल त्याला शिक्षा झालेली नसते.

प्रेषित पौलाचंही पाहा. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे त्याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, स्वतः बंदिवासात असताना. त्याच पत्रात दोन अध्याय आधी त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात गेला होता ते तो सांगतो, आणि त्याला फिलिप्पैला परत पाठवलं की माझंही दुःख हलकं होईल असं लिहितो. करिंथकरांना तर उघडच सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज येऊन पडते. तर ताई, चिंता मनात येणं हे पाप असेल तर पौल पहिला सापडेल. माझं मत स्पष्ट आहे: चिंता येणं हे माणूस असणं आहे. तिच्या धाकाने आपण काय करू लागतो, तिथे प्रश्न सुरू होतो. लबाडी करतो का, घरच्यांवर हात उगारतो का, दारूकडे वळतो का, देवाला सोडून कोणा बाबाकडे धाव घेतो का. तुम्ही यातलं काहीही केलेलं नाही. तुम्ही पहाटे उठून देवाकडे जाता आहात.

त्या बाईंनी वाईट हेतूने म्हटलं नसेल. आपल्या मंडळ्यांत धीर द्यायला दुसरे शब्दच शिकवलेले नसतात, म्हणून वचन पुढे केलं जातं. पण धीर द्यायला गेलेलं वचन छातीवर दगडासारखं बसलं तर ते चुकीच्या वेळी दिलं गेलं, एवढं म्हणायला मी कचरत नाही.

आता तुमचा खरा अवघड प्रश्न: प्रार्थनेने वाढते का?

तुम्हाला वाटत असेल की असं फक्त आपल्यालाच होतं. स्तोत्र 77 उघडा. आसाफाचं स्तोत्र आहे. तो रात्री हात पसरून देवाला हाक मारतो, आणि लिहितो की मी देवाचे स्मरण करतो आणि कण्हतो; तू माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीस; मी इतका व्याकूळ आहे की बोलवत नाही. म्हणजे देवाची आठवण काढली आणि बरं वाटण्याऐवजी कण्हणं आलं. तुमची पहाट त्यात जशीच्या तशी आहे. पुढे तो प्रश्न विचारतो: देव कृपा करायला विसरला का? रागाने त्याने आपला कळवळा आवरून धरला का? हे प्रश्न आपण मीटिंगमध्ये विचारले तर लोक एकमेकांकडे बघतील, पण पवित्र शास्त्रात ते गाण्यासाठी लिहून ठेवले आहेत.

मग स्तोत्र वळतं. त्याची अडचण सुटली म्हणून ते वळत नाही. ती सुटली की नाही हे स्तोत्रात शेवटपर्यंत कळत नाही. तो ठरवतो की मी परमेश्वराची पूर्वीची कृत्यं आठवीन, आणि समुद्रातून काढलेली वाट आठवतो. मोशे आणि अहरोन यांच्या हातून तू आपल्या लोकांना कळपासारखं नेलंस, इथे स्तोत्र संपतं. तो स्वतःच्या भीतीपासून उठून देवाच्या कामाकडे गेला आणि तिथे थांबला.

बाकावरच्या माणसांशी बोलताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. आपण डोळे मिटून, ‘हे प्रभू’ म्हणून सुरुवात करतो आणि त्यापुढे तीच चिंता घोळवत बसतो. प्रभू, हप्ता चुकला तर, मग घर गेलं तर, मग मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग आम्ही कुठे जाऊ. सुरुवात प्रार्थनेची होती, पण पुढचं सगळं स्वतःशी बोलणं झालं, आणि त्याला शेवट नाही. ‘आमेन’पर्यंत आपण पोचतच नाही, मध्येच थकून पडून राहतो. अशाने धडधड वाढणारच.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने काय केलं ते यासाठी मी लोकांसोबत नेहमी वाचते. तो अतिशय खिन्न झाला होता, हे सुवार्तिक लपवत नाही. त्याने तीन शिष्यांना जवळ राहून जागे राहायला सांगितलं. एकट्याने ते सोसायचं त्याने ठरवलं नाही. मग जे हवं ते सरळ मागितलं: हा प्याला टळून जावो. मग ते पित्याच्या हाती दिलं. पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेव्हा एकच मागणं परत परत मागितलं म्हणून विश्वास कमी ठरत नाही. आणि मग तो म्हणाला, ‘उठा, आपण जाऊ.’ प्याला टळला नव्हता. पण प्रार्थना संपली होती आणि तो उभा राहिला.

म्हणून मी लोकांना सांगते ते असं. जाग आली की अंथरुणात पडल्या पडल्या प्रार्थना करू नका. उठा, दुसऱ्या खोलीत किंवा ओट्याजवळ बसा, मंद दिवा लावा, मोबाइल आणि घड्याळ दोन्ही बघू नका. पुटपुटत का होईना, पण तोंडाने प्रार्थना करा, कारण मनातल्या मनात शब्द भरकटतात, तोंडाने बोललं की वाक्य पुरं करावं लागतं. एक गोष्ट मागा, नेमकी. ‘आमचं सगळं चांगलं कर’ असं नको. ‘या महिन्याच्या हप्त्याचे पैसे उभे राहू दे’, ‘यांना गुरुवारच्या मुलाखतीत धीर दे’, असं. मग देवाने पूर्वी तुमच्या घरात केलेली एक गोष्ट आठवून त्याचे आभार माना. पौलाने आभाराचा उल्लेख मागणीच्या सोबतच केला आहे, उत्तर मिळाल्यावरचा नाही. मग ‘आमेन’ म्हणा आणि खरोखर थांबा. पुन्हा विचार आला तर नवी प्रार्थना सुरू करायची गरज नाही, ‘हे मी तुला सांगितलं आहे’ एवढं पुरे. त्यानंतर ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं पाठ असलेलं एखादं गीत गुणगुणा, किंवा आवडत असेल तर स्तोत्र वाचा. झोप येईल किंवा येणार नाही. नाही आली तर तेही लढाई हरल्यासारखं धरू नका.

हे पहिल्या रात्री जमत नाही. काही लोकांना हे अजिबात लागू पडत नाही. ज्यांच्या डोक्यात देव म्हणजे छडी घेऊन उभा असलेला बाप आहे, त्यांना बोलून प्रार्थना करताना भीती वाढते. त्यांना मी आधी फक्त ऐकायला सांगते, दुसऱ्या कोणीतरी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची.

आता दिवसाकडे येऊ, कारण पहाटेची चिंता दिवसाच्या कामाने बरीच हलकी होते. फिलिप्पैकरांच्या चौथ्या अध्यायात शांतीच्या वचनानंतर लगेच पौल सांगतो की कशाचा विचार करावा, आणि यादीत पहिलं आहे ‘जे सत्य’. चिंतेला मी हा पहिला प्रश्न विचारायला लावते: हे खरं आहे का?

एकदा बायकोला आयसीयूत ठेवलेला एक शेतकरी बाकावर बसला होता, हातपाय गार पडलेले. मी त्याला डोक्यात काय काय चाललंय ते औषधाच्या बिलाच्या पाठीमागे लिहायला लावलं. त्याने लिहिलं: ‘बिल किती होणार.’ त्याच्यापुढे आम्ही लिहिलं: माहीत नाही, सकाळी दहाला बिलिंग काउंटरवर विचारायचं. ‘घरी म्हैस.’ पुढे: भाऊ बघतोय, रात्री फोन झाला. ‘ती वाचेल का.’ त्याच्यापुढे त्याने पेन तसंच धरून ठेवलं. मग मी विचारलं, हे कोणाकडे द्यायचं? त्याने ‘देव’ असं लिहिलं आणि खाली ‘डॉक्टर, सकाळचा राउंड’ असंही लिहिलं. तीनच ओळी होत्या. आधी त्याच्या डोक्यात त्या शंभर वाटत होत्या. त्यानंतर तो उठून चहा प्यायला गेला.

तुमच्या कागदावर पहिली ओळ मला दिसते: ‘घर जाईल.’ खरं आहे का? आज तरी नाही. तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरते, आणि त्यानंतरही घराचा ताबा घ्यायच्या कारवाईआधी बँकेला 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पहाटे तीनला वाटतं की पुढच्या महिन्यात कुलूप लागेल. कायद्यात तसं होत नाही. याचा अर्थ निवांत बसा असा नाही. अर्थ असा की वेळ आहे, आणि तो वेळ वापरायचा. हप्ता चुकायच्या आधीच दोघांनी मिळून बँकेत जा, नोकरी गेल्याचं लेखी सांगा, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. बँक हो म्हणेलच असं नाही, ते तुमच्या खात्यावर आणि त्या बँकेच्या नियमांवर आहे. पण चुकल्यानंतर जाण्यापेक्षा आधी गेलेल्याचं ऐकलं जातं. मुलीच्या कॉलेजातही फी हप्त्याने भरता येते का, शिष्यवृत्ती कोणती लागू आहे, ते आत्ताच विचारा.

संध्याकाळी सातच्या सुमारास अर्धा तास यासाठी नेमून ठेवा. वही, पेन, दोघं नवरा-बायको. ज्याला काही करता येतं त्याच्यापुढे काय, कधी, कोण ते लिहायचं. ज्याला काहीच करता येत नाही ते एका वाक्यात देवाला सांगायचं. अर्ध्या तासाने वही बंद. दिवसभरात आणि रात्री चिंता आली की तिला सांगायचं, सातला बघू. मानसोपचारातही ही रीत वापरतात, आणि ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला’ या वचनाशी ती चांगली जुळते असं मला वाटतं.

काही भाविक मला विचारतात, एवढी आखणी केली तर मग देवावर भरवसा कुठे राहिला? त्यांना मी पंडिता रमाबाईंकडे बघायला सांगते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना त्यांनी आणलं, तेव्हा इतक्या जणींना उद्या काय खायला घालायचं याची धास्ती वाटावी अशीच वेळ होती. रमाबाई प्रार्थनेच्या बाई होत्या यात शंका नाही. पण केडगावला त्यांनी त्याआधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे विहिरी झाल्या, शेती-बाग झाली, मुलींना शिक्षण आणि हाताला काम मिळालं, पुढे छापखानाही उभा राहिला. प्रार्थना आणि विहीर ही दोन्ही त्यांच्याकडे एकाच आवारात होती.

अजून एक, आणि हे मी आग्रहाने सांगते. तुमच्या पत्रात नवरा फक्त ‘कंपनी बंद झाली’ या वाक्यात येतो. ते काय म्हणतात, त्यांना झोप लागते का, काहीच नाही. नोकरी गेलेला पुरुष बहुतेक वेळा गप्प होतो, आणि बायकोला वाटतं त्याला काही वाटतच नाही. त्यांच्यासोबत एक प्रार्थना तरी दोघांनी मोठ्याने करा, अगदी दोन वाक्यांची. आणि मंडळीत एकाच माणसाला सगळं सांगा, जो ऐकून घेईल आणि उपदेश करणार नाही. पाळक असतील तर उत्तम. ते जमण्यासारखे नसतील तर महिला मंडळातली एखादी विश्वासू बहीण. ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’ हे पेत्राने एकट्या माणसाला लिहिलेलं नाही, छळात सापडलेल्या मंडळ्यांना लिहिलं आहे, आणि ‘जगातल्या तुमच्या बंधुवर्गावर तशीच दुःखं येत आहेत’ हेही त्याने तिथेच, दोन ओळी खाली सांगितलं आहे. घरात खरोखर किराण्याची अडचण आली तर तेही त्या माणसाला सांगायचं. त्यात लाज वाटायचं काही नाही. पहिल्या मंडळीत ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वाटून दिलं जात होतं.

मुलीला सांगावं का? सांगा. ती एकोणीस-वीस वर्षांची आहे, हॉस्पिटलच्या वॉर्डात रुग्णांची सेवा शिकते आहे, फोनवरच्या तुमच्या आवाजावरून तिला काहीतरी कळलेलंच असणार. न सांगता ती जे कल्पनेने रंगवेल ते खऱ्यापेक्षा वाईट असेल. पण पहाटेच्या भरात किंवा रडत फोनवर सांगू नका. ती सुट्टीला घरी आली की दिवसा, जेवण झाल्यावर, बाबांसमोर, आकड्यांसह सांगा: एवढी शिल्लक आहे, एवढा हप्ता आहे, बँकेत असं असं बोलणं झालं आहे, तुझी या वर्षाची फी कशी भरायची ते ठरलं आहे किंवा ठरायचं आहे. ती ‘मी शिक्षण सोडते’ म्हणेल, तर तो निर्णय त्या दिवशी घ्यायचा नाही एवढं आधीच दोघांनी ठरवून ठेवा. आणि तिने विचारलं की आई, तू रात्री झोपतेस का, तर खरं सांगा.